नानांची उजवी फेरी

जळगावात टँगो शिकवणारा माणूस असतो तरी कसा, असं मला कुणी विचारलं की मी त्याचे खिसे सांगते. डाव्या खिशात गवंड्याची छोटी पाणसळ, उजव्यात दहा-अकराचा पाना आणि शर्टाच्या खिशात कॅरमच्या पावडरची पुडी. वर्ग सुरू व्हायच्या आधी नाना गुडघ्यांवर बसत, पाणसळ फरशीवर तीन ठिकाणी ठेवत, एक डोळा बारीक करून तिच्यातला बुडबुडा पाहत आणि मग पावडर भुरभुरवत. दर रविवारी. मागच्या रविवारी सपाट असलेली फरशी आठवड्याभरात कुठे जाणार, हे मी त्यांना एकदा विचारलं.

"फरशी नाही जात बाई, माणूस जातो," ते म्हणाले. "पण माणसाखाली पाणसळ ठेवता येत नाही. म्हणून फरशी बघायची."

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून त्यांच्या लेखी मी 'बाई'. माझं घर धुळ्याला देवपुरात आणि बहीण जळगावला. एका उन्हाळ्यात तिच्याबरोबर वर्षाची तूरडाळ भरायला एका डाळ मिलमध्ये गेले होते. मुनीम पोती काढेपर्यंत मी मागच्या जुन्या गोडाऊनमध्ये डोकावले. आत दोन पोक्त माणसं समोरासमोर उभी राहून एक भलीमोठी चाळण धरून चालत होती. एक पुढे येत होता, दुसरा मागे सरकत होता. चाळणीत मूठभर डाळ. बोलणं नाही, हसणं नाही. भिंतीशी उलट्या डब्यावर बसलेला एक वाळका, उंच माणूस डोळे मिटून ऐकत होता. "वाजली," तो म्हणाला, आणि ते दोघे कॉपी करताना पकडलेल्या पोरांसारखे जागच्या जागी थांबले.

मला वाटलं, डाळीला पॉलिश करायची नवी पद्धत असेल. मी विचारलं तर तो माणूस डोळे न उघडता म्हणाला, "टँगो आहे. बघायचं तर बसा, करायचं तर चपला काढा."

मी चपला काढल्या. का काढल्या ते आजही सांगता येणार नाही, पण तेव्हापासून दर शनिवारी मी धुळ्याहून बहिणीकडे मुक्कामाला येऊ लागले. बहिणीला एकटीला डाळीची पोती घेऊन रिक्षाने घरी जावं लागलं, ते मात्र ती मला दर उन्हाळ्यात ऐकवते.

नाना मूळचे फिटर. डाळ मिलच्या मशिनरी उभ्या करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यात एकदा त्यांना थेट अर्जेंटिनाला पाठवलं होतं, तिथल्या कुणा शेतकऱ्याला हरभऱ्याची मिल उभी करून द्यायला. काम दीड महिन्याचं, पण मशीनचा एक भाग बंदरात अडकला आणि नाना त्या गावात पाच महिने अडकले. भाषा येत नाही, मांस खात नाहीत. उकडलेले बटाटे आणि पाव यांवर माणूस जगतो याचा पुरावा म्हणजे मीच, असं ते सांगत. त्या शेतकऱ्याची म्हातारी आई त्यांना दर शनिवारी गावच्या क्लबात न्यायची आणि खुर्चीवर बसवून स्वतः नाचायला जायची. सहा शनिवार नाना खुर्चीवर होते. सातव्या शनिवारी म्हातारीने लांबून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"तोपर्यंत कुठल्याही गावात गेलो तरी लोक मशीनकडे बघायचे," नाना म्हणत. "चालली की खूष, बंद पडली की माझ्याकडे बघायचे. मशीन चालू असताना माझ्याकडे बघणारी ती पहिली बाई."

पुढच्या महिन्यांत ती नानांना चालायला शिकवत राहिली. टँगो म्हणजे दुसरं काही नाही, दोन माणसांनी एकमेकांना धरून एका माणसासारखं चालणं, असं नानांचं म्हणणं. गिरक्या आणि लाथा हे सगळं टीव्हीसाठी.

परत आल्यावर आणि पुढे निवृत्त झाल्यावर त्यांना ते जळगावात करायचं होतं, आणि इथे पहिली अडचण धरण्याचीच होती. आपल्याकडे बायको नवऱ्याच्या गाडीवर मागे बसते तेव्हासुद्धा मध्ये पिशवी ठेवते. परक्या माणसाला मिठी मारा म्हटल्यावर वर्ग आणि मास्तर दोन्ही एका दिवसात गावाबाहेर गेले असते. नानांनी त्यावर चाळण काढली. साधारण पहिले सहा महिने कुणी कुणाला हात लावायचा नाही. दोघांनी चाळणीची कड धरायची आणि चालायचं. समोरच्याचं वजन डाव्या पायावर आहे की उजव्या, हे कडेवरून कळलं पाहिजे. नाही कळलं तर डाळ वाजते. वाजायची थांबली की नाना स्वतः उठून ती चाळण दोघांच्या मधून अलगद काढून घेत. दोघे हात तसेच पुढे करून बावळटासारखे उभे राहत, आणि मग जे व्हायचं ते आपोआप व्हायचं. आमच्यात त्याला 'चाळण सुटली' म्हणतात. शेठजींची चाळण सुटली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. एकोणीस महिने लागले होते त्यांना.

शेठजी म्हणजे आमच्यातले हार्डवेअरचे व्यापारी. आजोबा मारवाडातून आले, हे आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात आणि बायकोला, म्हणजे आमच्या भाभींनाही, वर्गाला आणतात. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय नानांचा सर्वांत मोठा नियम कळायचा नाही. तो नियम असा, की नाचायला तोंडाने विचारायचं नाही. लांबून बघायचं. समोरच्याला यायचं असेल तर तो नजर देईल, मान हलवेल. नसेल तर दुसरीकडे बघेल. कुणाचा अपमान नाही, कुणाची जबरदस्ती नाही. मला विचाराल तर या नियमासाठी तरी टँगो प्रत्येक तालुक्यात पोचला पाहिजे. पण शेठजींनी तीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसून समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला मान हलवून 'या' म्हटलेलं. ती सवय जाते कुठे? पहिल्याच मेळाव्याला त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या सगळ्या मंडळींना मान हलवली आणि पुढच्या क्षणी तीन बायका त्यांच्यासमोर उभ्या. चौथ्या भाभी. शेठजी घामाने निथळले. नाना डब्यावरून म्हणाले, "शेठजी, दुकान बंद करून या."

ते बसायचे त्या डब्यावरून त्यांना सगळं ऐकू यायचं. डोळे मिटून पायांचे आवाज ऐकत आणि निदान सांगत. "तिसऱ्या जोडीत डाव्या टाचेला आवाज आहे." "बाई, तुमचं बेअरिंग जाम झालंय. शाळेत कुणाशी भांडून आलात?" भांडूनच आलेली असायचे. माझा स्वभावच तो. चूक दिसली की लाल पेनाशिवाय मला चैन पडत नाही. तीन गाणी झाली की फरशी रिकामी करायची असते, जोडीदार बदलायला. इतर ठिकाणी त्यासाठी दुसरं काहीतरी संगीत लावतात म्हणे. नाना मिल चालू असतानाचा रेकॉर्ड केलेला आवाज लावत, डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा खडखडाट आणि पट्ट्याची फटफट. तो लागला की माणूस आपोआप बाजूला होतो.

मे महिन्यात जळगावात माणूस स्वतःलाच धरू शकत नाही, तर दुसऱ्याला काय धरणार? म्हणून तेव्हा वर्ग पहाटे सहाला. आणि थंडीत जामनेर रस्त्यावरच्या शेठजींच्या मळ्यात आमचा वार्षिक मेळावा. खळं शेणाने सारवून, वर सतरंजी न टाकता. नाच झाला की भरीत, कळण्याची भाकरी आणि ज्याची त्याची कुवत असेल तितका ठेचा. तिखटाने डोळ्यांत पाणी येऊन नाक ओढत आम्ही पुन्हा नाचायला जात असू. इतकं सुख मला दुसऱ्या कुठल्या मेळाव्यात मिळालेलं नाही.

आता अक्का. त्या त्याच मिलमध्ये तीस वर्षं डाळ निवडायला होत्या, नंतर गोडाऊनची झाडलोट करायच्या. पासष्टीच्या, बुटक्या, नऊवारीतल्या. आमच्या सगळ्यांत उत्तम नाचणाऱ्या त्याच, यात वाद नाही. चाळण हातात देताना त्या नानांना म्हणाल्या होत्या म्हणे, "हाई चाळण मी तीस वरीस धरी शे, आते माले काय शिकाडतस?" त्यांची चाळण दुसऱ्या आठवड्यात सुटली. त्या डोळे मिटून नाचत. पुढच्या माणसाला फक्त एवढंच करायचं असे की त्यांना कशावर आपटू द्यायचं नाही.

आपटायला तिथे एकच गोष्ट होती. गोडाऊनच्या बरोबर मध्ये एक जाड खांब, आणि त्या खांबावर सप्तशृंगी देवीची तसबीर. आम्ही त्या खांबाभोवती गोल फिरत नाचत असू. सगळ्या जोड्या एकामागे एक, देवी उजव्या हाताला. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं आम्हा वीस माणसांना कधी वाटलं नाही. गोल फिरायचं म्हटल्यावर देव उजव्या हाताला ठेवायचा, हे आपल्या पायांनाच ठाऊक असतं.

नवल वाटायला हवं होतं ते एकाच गोष्टीचं. नाना आम्हाला बाहेर जाऊ देत नसत. पुणे, मुंबई, नाशिक इथे टँगोचे गट आहेत, मेळावे होतात, हे मला फोनवर दिसायचं. मी दर वेळी म्हणायचे, "नाना, एकदा जाऊ या." नानांकडे कारणांचा तोटा नव्हता. तिकडची फरशी चांगली नसते. तिकडचे लोक बोलतात फार. त्या दिवशी अमावस्या आहे. एकदा तर म्हणाले, "तुम्ही गेलात तर परत येणार नाही." थट्टाच वाटली मला ती. व्हिडिओही बघू नका म्हणत. मी बघायचेच, पण त्यात रंगमंचावर एकच जोडी असते, तिला चारी दिशा मोकळ्या. शंभर माणसं एका हॉलमध्ये कुठून कुठे जातात, हे त्यात दिसत नाही.

शेवटी मीच पुण्याच्या एका गटाला कळवलं. त्यांनी आनंदाने बोलावलं. दहा जण तयार झाले, गाडी ठरली. नाना म्हणाले, "माझी मान दुखते, तुम्ही जा." निघायच्या दिवशी सकाळी निरोप द्यायला आले. प्रत्येकाच्या बुटाचा तळ बघितला, दोघांच्या टाचा पान्याच्या दांड्याने ठोकून दिल्या. गाडी सुटताना त्यांनी हात हलवला नाही. मला त्यांचा थोडा रागच आला. इतकी वर्षं शिकवलं आणि आज मिरवायची वेळ आली तर हे घरी बसणार.

पुण्याचा हॉल लाकडी फरशीचा. दुपारचा मेळावा, साठेक माणसं. पहिलं गाणं लागलं, आमच्या पाचही जोड्या एकाच कोपऱ्यातून उतरल्या आणि चार पावलांत समोरून अख्खं पुणं अंगावर आलं.

मी खरं सांगते, आम्हाला वाटलं तेच चुकले. शेठजी आणि भाभी एका उंच जोडप्यावर आदळले, शेठजींनी तीन भाषांत माफी मागितली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "इथे शिस्त नाही हो मॅडम." दुसऱ्या गाण्यालाही तेच. आम्ही भिंतीला खेटून चालायचा प्रयत्न केला तर भिंतीकडूनही माणसं समोरून येत होती. तिसऱ्या गाण्याला आम्ही सगळे खुर्च्यांवर होतो. यजमान मुलगी फार सभ्य. ती माझ्याजवळ येऊन वाकून म्हणाली, "ताई, सगळीकडे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. जगात सगळीकडे. तुम्हाला कुणी शिकवलं?"

ज्या बाईने तीस वर्षं पोरांना पृथ्वी कुठल्या बाजूला फिरते ते शिकवलं, तिला हे विचारलं जात होतं. मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. आमचा चालण्याचा ठेका, धरण्याची पद्धत, थांबणं, सगळं उत्तम होतं. यजमान मुलगी दोनदा तसं म्हणालीही. पण आता बसल्या जागी ते ऐकून काय करायचं? उरलेला वेळ आम्ही लिंबू सरबत पीत होतो. फक्त अक्का नाचल्या. एका पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी लांबून मान हलवली, अक्कांनी पदर खोचला आणि गेल्या. त्यांनी डोळे मिटले होते. तीन गाणी त्या जगाच्या दिशेने फिरल्या आणि एकदाही कुणाला लागल्या नाहीत. परत येऊन त्या खुर्चीवर बसल्या आणि सरबताचा पेला घेतला. मी रागाच्या भरात त्यांना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या अमळनेरजवळच्या आपल्या गावी निघून गेल्या, भाचीच्या लग्नाला.

मी मात्र जळगावला उतरल्यावर बहिणीकडेही गेले नाही. थेट गोडाऊनवर. नाना मिलच्या मालकाचा कसलासा पंप उघडून बसले होते.

"नाना, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी हात पुसले. "होतं."

मग त्यांनी सांगितलं. पहिला वर्ग ठेवला तेव्हा मिलमध्ये चिठ्ठी लावली होती. आठ जण येतो म्हणाले. संध्याकाळी एकही आला नाही. नानांनी पावडर टाकून ठेवलेली, गाणं लावलेलं. अक्का तेवढ्या होत्या, गोडाऊन झाडून कुलूप लावायला थांबलेल्या. नानांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. अक्का झाडू ठेवून आल्या. चार पावलं झाली आणि थांबल्या. म्हणाल्या, "देवीले डावं करीसन मी नही चालस."

"मग मी वळलो, बाई," नाना म्हणाले. "एकच माणूस आलं होतं. तिलाही दिशा समजावून घालवू? दुसऱ्या रविवारी दोघे आले, ते अक्कांचं बघून तसेच फिरले. मग चार झाले. म्हटलं, पुढे सांगू. मशीनमध्ये एक बोल्ट उलटा बसतो आणि त्याच्यावर सगळी मशीन उभी राहते. मग तो काढायचा तर पूर्ण खोलावी लागते. मला खोलायची भीती वाटली. अकरा वर्षं वाटली. तुम्हाला कळलं की तुम्ही म्हणाल, या माणसाला काही येत नाही. आणि निघून जाल."

इथे मी जे बोलले ते मला आजही टोचतं. मी म्हणाले, "पाचवीच्या पोरांना मी काही चुकीचं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन चूक कबूल करते. तुम्ही तर आम्हाला जगासमोर तोंडघशी पाडलंत."

नाना भांडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, गोडाऊनची किल्ली खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. सुरतेला त्यांचा मुलगा होता. बायको गेल्यापासून तो त्यांना तिकडे बोलवत होता आणि नाना दर वेळी 'रविवार मोकळा नाही' म्हणून टाळत होते. "आता रविवार मोकळा झाला," ते म्हणाले. "फरशी ओली ठेवू नका."

पुढच्या रविवारी किल्ली माझ्या हातात आणि नाना नाहीत. मला वाटलं होतं, लोक चिडलेले असतील, कमी येतील. सगळेच्या सगळे आले. पुण्याला न गेलेलेही आले. पण पावडर टाकायला कुणी धजेना. मी सगळ्यांना झालं ते सांगितलं, माझं शेवटचं वाक्यही लपवलं नाही. कुणी म्हणालं, निदान गेल्या वर्षी तरी सांगायचं. कुणी म्हणालं, आता नव्याने शिकायचं या वयात? शेठजी खो खो हसत सुटले आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले. ते हसणं नव्हतं हे आम्हाला उशिरा कळलं. तेवढ्यात अक्का आल्या, गावाहून थेट, हातात पिशवी. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

अक्कांनी शांतपणे ऐकलं. मग कपाळावर हात मारला.

"अरे देवा! मी तर आठली, या खांबनी गोट करी व्हती. आठे देवी शे, म्हनीसन. पुण्याले खांब कोठे व्हता? देवी कोठे व्हती? मंग उलटं काय न् सुलटं काय!"

अकरा वर्षं एका माणसाने जे जपलं, जगापासून लपवलं, ज्याच्यासाठी आम्हाला गावाबाहेर जाऊ दिलं नाही, ते त्या बाईच्या मनात एका खांबापुरतं होतं. नानांनी तिला दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं. मशीनचा प्रत्येक बोल्ट दहादा तपासणारा माणूस, पण एका बाईने एकदा नको म्हटलं की तिला परत विचारणं त्यांना उद्धटपणा वाटे. मला त्यांचा राग येत होता आणि त्याच वेळी इतका चांगला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही असंही वाटत होतं.

अक्का खांबापाशी गेल्या. पदराने तसबीर पुसली, दोन्ही हातांनी उतरवली आणि दरवाजाजवळच्या भिंतीवर, जिथे कॅलेंडर होतं तिथे लावली. "माय, आते आठे बस," त्या म्हणाल्या. "आठून तुले बठ्ठं गोडाऊन दिसी." मग पिशवीतून लग्नातला लाडू काढून देवीपुढे ठेवला, आमच्याकडे वळल्या आणि विचारलं, "नानांचं घर कोण दाखाडस?"

पाच-सहा जण रिक्षांनी निघालो. नानांच्या खोलीचं दार उघडंच होतं. खाटेवर सुटकेस, अर्धी भरलेली. नाना शर्टांच्या घड्या घालत होते, प्रत्येक घडी हाताने दाबून सरळ करत. आम्हाला पाहून ते उभे राहिले आणि काय करावं न सुचून त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "नाही बाई, तुमचं खरं होतं."

अक्का उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "नाना, अकरा वरीस! माले एकदा बी इचारं नही?"

नानांनी मान खाली घातली. "तुम्हले वाईट वाटी, म्हनीसन."

"तुम्ही सुरतले गयात तर माले बरं वाटी का?"

इतक्या वर्षांत नानांना आणि अक्कांना मी एकमेकांशी आपल्या बोलीत बोलताना प्रथमच ऐकत होते. वर्गात नाना प्रमाण मराठी बोलत, मास्तरांनी बोलावी तशी. आता त्यांच्या चेहऱ्यावरचा मास्तर गेला होता. अक्कांनी सुटकेसचं झाकण लोटलं, ते शर्टांवर नीट बसलं नाही, तसंच राहिलं. "चाला," त्या म्हणाल्या.

नाना नंतर सुरतेला गेले, पण ते तीन वर्षांनी, आणि गुडघ्यापायी गेले, आमच्यापायी नाही. आता तिकडे आपल्याच भागातल्या चार बिऱ्हाडांना गच्चीवर चाळण धरायला लावतात असं मुलगा फोनवर सांगतो, तक्रारीच्या सुरात. आम्ही जळगावात अजून भेटतो. गेल्या थंडीत पुण्याचे सोळा जण मळ्यावर आले होते. त्यांनी ठेचा खाल्ला आणि पाऊण तास कुणी नाचू शकलं नाही.

पण मला नाना आठवतात ते त्या दुपारचे. गोडाऊनमध्ये सगळे भिंतीला लागून उभे होते. खांब मोकळा होता आणि त्याच्यावर तसबिरीच्या आकाराचा एक उजळ चौकोन राहिला होता. शेठजींनी गाणं लावलं. नाना आणि अक्का मध्ये आले. नानांनी त्यांना धरलं, डावा पाय उचलला, आणि तो आपसूक जुन्या बाजूला गेला. त्यांनी तो परत आणला. पुन्हा उचलला, पुन्हा तिकडेच. ज्यांनी वीस माणसांना चालायला शिकवलं, त्या माणसाला दोन पावलं धड टाकता येईनात. त्यांचे कान लाल झाले. आत्ता हे माघारी फिरले तर पुन्हा कधी येणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मग अक्कांनी हात बदलले. आपला डावा हात पुढे केला, उजवा नानांच्या पाठीवर ठेवला, आणि आता पुढे चालायचं त्यांच्याकडे आलं, मागे सरकायचं नानांकडे. नाचताना नानांनी पहिल्यांदाच आमच्यासमोर डोळे मिटले. एक पाऊल पडलं. दुसरं पडलं. खांब डाव्या हाताला राहिला.

कोपऱ्यावर वळताना अक्का जरा जोरात निघाल्या. नाना अडखळले, त्यांच्या खांद्याला घट्ट धरून सावरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "धीरे चाला, अक्का. मी नवा शे."